उणे साठ अंशांतला एक दिवस

(या भागाचा लेखी मजकूर. बसमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी.)



आजचा भाग एका भांडणापासून सुरू करतो. भांडण माझंच आहे. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी आणि माझा रूममेट उत्तराखंडात केदारकंठाच्या ट्रेकला गेलो होतो. सांकरी गावातून सुरुवात, मग बर्फातले कॅम्प. दुसऱ्या रात्री पारा शून्याच्या बराच खाली गेलेला. रात्री दोनच्या सुमारास हा पठ्ठ्या बाहेर जाऊन आला आणि तंबूची चेन अर्धवट उघडी ठेवून झोपला. माझे मोजे ओले, पाय बधिर, झोप उडालेली. मी त्याला जे बोललो ते माइकवर सांगण्यासारखं नाही. सकाळी आम्ही शिखर गाठलं, फोटो काढले, फोटोंना लाइक्सही मिळाले. पण त्यानंतर तो माझ्याबरोबर एकाही ट्रेकला आलेला नाही.

परत आल्यावर एक पुस्तक हाती लागलं. 1922 साली आलेलं, नाव ‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’. लेखक ॲप्सली चेरी-गॅरार्ड. जाडजूड पुस्तक आहे, पण त्यातलं एक प्रकरण वाचून मी अक्षरशः लाजलो. तीन माणसं, 5 आठवडे, अंटार्क्टिकाचा ऐन हिवाळा. आज त्या प्रवासाची गोष्ट. पण ‘कुठे पोचले’ यापेक्षा ‘दिवस कसा काढला’ याकडे जास्त बघणार आहोत. कारण थंडीतल्या लांबच्या चालीत खरी लढाई तिथेच होते.

कोण, कुठे, कशासाठी

साल 1911. कॅप्टन स्कॉटची ब्रिटिश मोहीम अंटार्क्टिकातल्या रॉस बेटावर केप इव्हान्स इथे लाकडी घर बांधून राहिली होती. दक्षिण ध्रुवावरची स्वारी पुढच्या उन्हाळ्यात होणार होती. लक्षात ठेवा, तिकडचा हिवाळा म्हणजे आपला जून-जुलै. सूर्य महिनोन्‌महिने उगवतच नाही. दुपारी क्षितिजावर थोडा उजेड येतो, बाकी चंद्र असेल तर चंद्र, नाहीतर काळोख.

अशा काळोखात, 27 जून 1911 रोजी तिघं बाहेर पडले. एडवर्ड विल्सन, डॉक्टर आणि प्राणिशास्त्रज्ञ, वय 38. सगळे त्याला ‘अंकल बिल’ म्हणायचे. हेन्री बोवर्स, वय 27, बुटका, नाकाचा शेंडा मोठा, म्हणून टोपणनाव ‘बर्डी’. या बोवर्सचं आपल्याकडे एक कनेक्शन आहे. तो रॉयल इंडियन मरीनचा अधिकारी होता. म्हणजे ज्या दलाचं मोठं ठाणं मुंबईची गोदी होती, तेच. ब्रह्मदेशात इरावती नदीवरही त्याने नोकरी केली होती. तिथल्या घामाघूम उकाड्यातून माणूस थेट इथे. आणि तिसरा चेरी-गॅरार्ड, वय 25, ऑक्सफर्डचा पदवीधर, मोहिमेला 1000 पौंड देणगी देऊन सामील झालेला. त्याची नजर फार अधू. चष्म्याशिवाय धड दिसायचं नाही आणि त्या थंडीत चष्मा घातला की श्वासाने काचांवर बर्फ धरायचा. म्हणजे ही सगळी चाल त्याने जवळपास चष्म्याशिवाय केली. मी स्वतः चष्मेवाला आहे. हे वाचून मी पुस्तक मिटून पाच मिनिटं बसलो होतो.

जायचं होतं बेटाच्या दुसऱ्या टोकाला, केप क्रोझियरला. अंतर साधारण 108 किलोमीटर. कशासाठी? एम्परर पेंग्विनची अंडी आणायला.

हसू नका. त्या काळी एक सिद्धांत चर्चेत होता की अंड्यातला जीव वाढताना आपल्या पूर्वजांच्या अवस्थांमधून जातो. एम्परर पेंग्विन हा फार जुन्या वळणाचा पक्षी असावा असं विल्सनला वाटायचं. त्याच्या अंड्यातला कोवळा गर्भ मिळाला तर पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्यातला दुवा सापडेल, अशी आशा होती. आणि हा पक्षी अंडी घालतो ऐन हिवाळ्यात. अंड्यांसाठी हिवाळ्यात जाण्याला पर्यायच नव्हता.

सामान

आपण बॅकपॅक म्हणतो, पंधरा किलोची सॅक असली तरी कुरकुर करतो. यांच्याकडे दोन स्लेज होत्या, एकामागे एक बांधलेल्या. तंबू, चूल, रॉकेल, अन्न, अवजारं, सगळं मिळून 757 पौंड. म्हणजे 343 किलो. कुत्री नाहीत, घोडे नाहीत. तिघांनी छातीला पट्टे बांधून ओढायचं. माणशी 114 किलो.

आता तुम्ही म्हणाल, बर्फावर स्लेज घसरते की! इथेच गंमत आहे. स्लेज घसरते कारण पट्टीखालचा बर्फ घर्षणाने किंचित वितळतो, पाण्याचा अगदी पातळ थर तयार होतो. पारा फार खाली गेला की हा थर तयारच होत नाही. मग बर्फ म्हणजे कोरडी वाळू. जुहूच्या वाळूत भरलेली हातगाडी ओढून बघा, तसं.

वाटेत एक खोलगट भाग लागतो, तिथे वारा जवळपास नसतो, म्हणून बर्फ मऊ आणि थंडी भीषण. तिथे दोन स्लेज एकदम हलेनात. मग एक स्लेज पुढे नेऊन ठेवायची, मागे यायचं, दुसरी आणायची. म्हणजे एक मैल पुढे सरकायला तीन मैल चालायचं. काळोखात मागे येताना आपल्याच पाऊलखुणा शोधायला हातात उघडी मेणबत्ती. काही दिवशी दिवसभर राबून प्रगती किती? जेमतेम अडीच-तीन किलोमीटर. जाण्याच्या 108 किलोमीटरला त्यांना 19 दिवस लागले.

सकाळ

‘सकाळ’ हा शब्द नावापुरता. उजेडच नाही, त्यामुळे घड्याळातल्या दिवस-रात्रीला फारसा अर्थ उरला नव्हता.

उठल्यापासून पट्टे बांधून निघेपर्यंत चार-चार तास जायचे. मला आधी वाटलं, आळस. तसं नाही. एकेक काम बघा.

पहिलं, काडी ओढून मेणबत्ती लावायची. थंड धातूची काडेपेटी बाहेरून तंबूत आली की तिच्यावर दव धरायचं. तीन-चार पेट्या चाळल्यावर एखादी काडी पेटायची.

मग चूल. आमच्या आजीकडे पितळेचा पंप मारायचा रॉकेलचा स्टोव्ह होता, प्रायमस. अगदी तोच यांच्याकडे. त्यावर बर्फ वितळवायचा आणि पेमिकन शिजवायचं. पेमिकन म्हणजे वाळवलेलं मांस कुटून चरबीत कालवलेला लगदा. त्याबरोबर बिस्किट आणि चहा. स्वयंपाक आळीपाळीने. ज्याची पाळी त्याची बोटं गेली, कारण धातूच्या भांड्याला उघडा हात लागला की कातडी चिकटायची.

मग बूट. रेनडिअरच्या कातड्याचे बूट रात्री दगडासारखे होत, त्यात पाय घालणं म्हणजे एक स्वतंत्र प्रोजेक्ट. मग ओढायचे पट्टे. कापडी पट्टे गोठून लाकडासारखे ताठ. एकाला पट्टा चढवायला दोघांनी झटायचं.

आणि बाहेर पडताना एक नियम. एकदा चेरी तंबूबाहेर आला आणि सहज मान वर करून आजूबाजूला पाहिलं. झालं! पंधरा सेकंदांत घामाने ओले कपडे तसेच गोठले. पुढचे चार तास त्याने मान वर अडकलेल्या अवस्थेत स्लेज ओढली. त्यानंतर तिघांनी ठरवलं की बाहेर आल्या आल्या आधी ओढायच्या पोझमध्ये वाकायचं, मग गोठायचं ते गोठू दे.

खरा शत्रू

इथे जरा थांबू. कारण हिवाळी ट्रेकचा सगळ्यात मोठा धडा इथे आहे.

आपल्याला वाटतं, शत्रू म्हणजे थंडी. त्यांना छळलं ते ओलाव्याने. माणूस ओढताना घाम गाळतो, झोपेत श्वास सोडतो. साध्या हवेत ही वाफ उडून जाते. उणे पन्नासात ती कपड्यांतच, स्लीपिंग बॅगेतच गोठते. रोज थोडी थोडी. तुमचं अंग ती रात्री वितळवतं, सकाळी ती पुन्हा गोठते. परत आले तेव्हा त्यांच्या स्लीपिंग बॅगांचं वजन निघतानाच्या दुपटीहून जास्त झालं होतं. वाढलेलं सगळं वजन बर्फाचं, म्हणजे त्यांच्याच घामाचं आणि श्वासाचं.

म्हणून आजही हिवाळी ट्रेकला गाईड ओरडतात ना, चढ सुरू व्हायच्या आधी जॅकेट काढा, थोडं गारठूनच निघा, सुती बनियन घालू नका, झोपायचे कपडे वेगळे ठेवा. त्याचं कारण हेच. माझे ओले मोजे ही माझीच चूक होती, दुपारी घामाने भिजले तेव्हा बदलले नाहीत. शिव्या मात्र रूममेटला.

रात्र

दिवसभर ओढून झालं की तंबू, चूल, पुन्हा पेमिकन, वर गरम पाणी. या प्रवासात साखर, कोको काही नाही. कारण त्यांनी स्वतःवरच एक प्रयोग लावला होता. एकाने चरबी जास्त खायची, एकाने पेमिकन जास्त, एकाने बिस्किटं जास्त, आणि बघायचं शरीर काय मागतं. विल्सनला त्याच्या वाट्याची चरबी संपवता येईना, बिस्किटवाला चेरी सतत उपाशी आणि गारठलेला. शेवटी दोघांनी अदलाबदल करून मधला मार्ग काढला. त्यातून जो हिशेब निघाला, माणशी दिवसाला 16 औंस बिस्किट, 12 औंस पेमिकन, 2 औंस लोणी आणि वर थोडं, तो पुढे ध्रुवावर जाणाऱ्या तुकडीच्या शिध्याला आधार ठरला.

मग झोप. म्हणजे झोपायचा प्रयत्न. स्लीपिंग बॅग पत्र्यासारखी ताठ. सकाळी उठतानाच ते बॅगेच्या तोंडात आपलं सामान बुच मारल्यासारखं कोंबून ठेवायचे, म्हणजे ती गोठली तरी रात्री शिरायला निदान एक भोक राहील. त्या भोकातून पाय सरकवत, अंगाच्या उबेने इंच इंच बर्फ वितळवत आत जायचं. मग थरथर. चेरी इतका कापायचा की त्याचे दात एकमेकांवर आपटून फुटले. शेजारी बोवर्स मात्र मस्त घोरत असायचा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बोवर्सने थर्मामीटर वाचला. उणे 77.5 फॅरनहाइट. सेल्सियसमध्ये जवळपास उणे 61. आणि हा गृहस्थ त्याही थंडीत हवामानाची नोंदवही लिहीत होता. कागदावर श्वास पडला की बर्फाचा पापुद्रा धरायचा आणि पेन्सिल उमटायची नाही.

चेरीच्या हाताची दहाही बोटं पहिल्याच टप्प्यात हिमदंशाने गेली होती. मोठमोठे फोड आले आणि फोडांतलं पाणीही गोठलं. त्या हातांनी तो गाठी सोडत होता.

अशा रात्री विल्सनने त्यांना एकापेक्षा जास्त वेळा विचारलं, परत फिरायचं का? दर वेळी उत्तर आलं, पुढे जाऊ.

वादळ

15 जुलैला ते पोचले. टेकडीवर दगड रचून खोली केली, वर कॅनव्हासचं छप्पर. कडे उतरून, बर्फाच्या भेगांतून वाट काढत पेंग्विनांपर्यंत गेले. पाच अंडी मिळाली. परत चढताना त्यांतली दोन चेरीच्या हातमोज्यात फुटली. उरली तीन.

रॉकेल संपत आलेलं, म्हणून पेंग्विनच्या चरबीवर चालणारी चूल लावली. तिच्यातलं उकळतं तेल विल्सनच्या डोळ्यात उडालं.

मग 22 जुलैला वादळ आलं. आधी बाहेरचा तंबू उडाला. तंबू गेला म्हणजे परतीचा प्रवास गेला, हे तिघांनाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, छप्पराच्या चिंध्या झाल्या. त्या दिवशी विल्सनचा वाढदिवस होता. एकोणचाळिसावा.

आता फक्त बॅगा, वर बर्फाचा थर आणि वारा. सुमारे दोन दिवस पोटात काही नाही. प्रार्थनागीतं म्हणत पडून राहिले. मधूनच बोवर्स विल्सनला ढोसायचा, जिवंत आहे ना बघायला. चेरीला आठवत होते डब्यातले, पाकातले पीच.

वारा पडल्यावर बोवर्स शोधायला गेला आणि उताराच्या तळाशी, अर्ध्या मैलावर, तंबू सापडला. घडी घातलेल्या छत्रीसारखा मिटून पडलेला. म्हणून ते जगले. नशीब, दुसरं काही नाही. त्यानंतर बोवर्स तंबूला दोरी बांधून तिचं दुसरं टोक स्वतःजवळ ठेवून झोपायचा. तंबू उडालाच तर मलाही घेऊन जाऊ दे!

परतीच्या वाटेवर ते चालता चालता झोपत होते. बोवर्सचा अठ्ठाविसावा वाढदिवस, 29 जुलै, असाच वाटेत गेला. 1 ऑगस्टला केप इव्हान्सचं दार उघडलं.

अंड्यांचं काय झालं?

पुढच्या वर्षी विल्सन आणि बोवर्स स्कॉटबरोबर ध्रुवावर गेले आणि परतताना मार्च 1912 मध्ये तंबूतच गेले. पुढचा अन्नसाठा 11 मैलांवर होता. त्याच साठ्याशी चेरी काही दिवस आधी कुत्र्यांच्या गाड्या घेऊन वाट बघत थांबला होता आणि मग परत फिरला होता. नोव्हेंबरात तो तंबू सापडला तेव्हा शोध घेणाऱ्यांत चेरीही होता. आपण अजून पुढे गेलो असतो तर, हा प्रश्न त्याने आयुष्यभर सोडला नाही. 1959 साली तो वारला. मधल्या काळात मनाच्या आजाराने त्याला अनेकदा अंथरुणाला खिळवलं.

1913 मध्ये त्याने ती तीन अंडी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये नेऊन दिली. त्याच्या सांगण्याप्रमाणे तिथे कुणी धड स्वागत केलं नाही, पोचपावतीसाठीही ताटकळत बसवलं. 1934 मध्ये गर्भांवरचा अहवाल छापून आला. निष्कर्ष असा, की यातून फारशी नवी माहिती मिळत नाही. तोवर तो सिद्धांतही मागे पडला होता.

म्हणजे आपल्या भाषेत, पाच आठवडे जीव धोक्यात घालून फीचर बनवलं आणि रिलीजच्या वेळी कळलं की गरजच नव्हती.

मग हे सगळं वाया गेलं का? शिध्याचा हिशेब उपयोगी पडला, हवामानाच्या नोंदी राहिल्या. पण खरं सांगू, तीन अंड्यांसाठी तीन जीव पणाला लावणं बरोबर होतं, असं मला अजूनही वाटत नाही. तंबू सापडला नसता तर आज आपण याला वेडेपणा म्हटलं असतं.

तरी मी हे प्रकरण चार वेळा वाचलंय, आणि ते थंडीच्या आकड्यांसाठी नाही. चेरीने एक गोष्ट आवर्जून लिहून ठेवली आहे. त्या पाच आठवड्यांत तिघांपैकी कुणी कुणावर चिडून ओरडलं नाही. भांडी देता-घेता ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ चालूच होतं. बोवर्सकडे पिसांचं एक जास्तीचं अस्तर होतं, स्वतः न वापरलेलं. ते त्याने कुडकुडणाऱ्या चेरीला पुन्हा पुन्हा देऊ केलं. चेरी नाही म्हणत राहिला, कारण घेतलं तर आपण स्वार्थी ठरू असं त्याला वाटत होतं. शेवटी घेतलं. उणे पन्नासात हा संवाद चाललाय, कल्पना करा.

मला आधी वाटायचं, ही माणसं मुळातच थोर, आपलं काय! आता वाटतं, हासुद्धा त्यांच्या दिनक्रमाचाच भाग होता. वाकून गोठायचं, बॅगेला बुच मारायचं, पाळीने स्वयंपाक करायचा, तसंच प्लीज म्हणायचं. बरं वाटतंय म्हणून नाही, तर नियम म्हणून. तंबूत तिघंच आहेत. एकदा शब्द गेला की तोही ओलाव्यासारखा साठत जातो आणि उडून जायला वाव नसतो.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी रूममेटला फोन केला. सॉरी म्हटलं. तो म्हणाला, चेन उघडी राहिलेली त्याला आठवतही नाही, मी काय बोललो ते मात्र शब्दन्‌शब्द आठवतं. पुढच्या हिवाळ्यात येतोस का विचारलं. बघू म्हणाला. ‘बघू’ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच, पण मी मोज्यांचे दोन जोड जास्तीचे घेऊन ठेवलेत. एक त्याच्यासाठी.

तुमच्या ट्रेकवरची भांडणं कळवा, निवडक पुढच्या भागात वाचू. नावं सांगणार नाही, शब्द! भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि मोजे कोरडे ठेवा.